घट्ट लागलेलं दार

या सगळ्या खटाटोपात थंडेरावांच्या पदरात पडण्यासारखं होतं ते एवढंच, की परत आल्यावर बायकोने शेडच्या दारात उभं राहून म्हणावं, "बरं ठेवलंत हो." मोजून तीन शब्द. तेवढ्यासाठी माणूस आख्खा हिवाळा कशाला पणाला लावेल, असं बाहेरच्याला वाटेल. पण ज्या घरात कौतुक मिठासारखं चिमटीने वापरतात, त्या घरातल्या माणसाला त्याचा भाव विचारावा.

ही चिमूट ज्यांच्या हातात, त्या बाई सध्या बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभ्या होत्या.

"अहो, ऐकताय ना? आधी सासूबाईंना द्यायचं. मग धाकटीला, मग बांडीला. क्रम चुकला की सासूबाई तोंड फिरवून बसतात."

"बाई, चढताय, की सगळं इथूनच सांगणार?" कंडक्टर म्हणाला.

"चढते की. तुमच्याकडे नाहीत वाटतं सासूबाई?"

"आहेत. पण आम्ही बांधून नाही ठेवत."

"म्हणून तर एवढे वैतागलात."

बसमधल्या दोनचार बायका हसल्या. कंडक्टरला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं, की या सासूबाई म्हणजे तीन शेळ्यांतली सगळ्यात म्हातारी. तिला चारा आधी लागे, जागा आतली लागे आणि लाड केलेले आवडले तरी तसं दाखवायची पद्धत नव्हती. थंडेरावांच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, एकदा यावरून भांडण काढलं होतं. माझ्या आईचं नाव जनावराला? त्यावर बायको म्हणाली होती, "नाव नाही हो आक्का, पदवी आहे." आईला ओळखणाऱ्या सगळ्यांनी मान डोलावली होती.

"पाणी कोमट द्या," बायको सांगत होती. "खालचं गवत उकरत बसू नका, वरून कोरडं टाकत जा. धाकटीचे दिवस भरत आलेत, तिच्याकडे लक्ष असू द्या. लेकीचं बाळंतपण आटोपलं, बाळाला जरा अंग धरलं, की आलेच मी. आणि थंडी—"

"थंडीचं तू मला सांगतेस?" थंडेराव म्हणाले.

बायकोने वरून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही जन्मभर थंडी आत ठेवलीत. आता बाहेर ठेवायची आहे."

बस निघाली. हे वाक्य मागे राहिलं आणि थंडेरावांच्या मागोमाग घरापर्यंत आलं.

नाव थंडेराव अर्थातच आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. गावाबाहेरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बटाटे आणि फळं ठेवत, तिथे ते हमाल म्हणून लागले आणि दारांचे मुकादम म्हणून बाहेर पडले. दारांना मुकादम लागतो हे ज्याला हसू येण्यासारखं वाटतं, त्याने एकदा तिथलं दार पाहावं. हातभर जाड, कडेला रबराची पट्टी, लावलं की 'फत्' असा आवाज. तो आवाज आला नाही, तर समजायचं की कुठेतरी फट आहे आणि मालकाचे बटाटे हळूहळू गरम होताहेत. थंडेराव मेणबत्ती पेटवून दाराच्या कडेकडेने फिरवत. ज्योत हलली की फट. या एका परीक्षेवर त्यांचा संसार उभा राहिला, लेक शिकली, लग्न होऊन गेली. निवृत्त झाले तेव्हा हार मिळाला आणि वर रोज अंगावर असायचा तो कंपनीचा जाड निळा कोट कायमचा मिळाला. पाठीवर नंबर छापलेला. तो दुसऱ्या कुणाला होत नव्हता, हे त्यामागचं खरं कारण.

घरी येऊन त्यांनी शेड पाहिली. पूर्वी हजारदा पाहिली होती, पण मुकादमाच्या नजरेने आज पहिल्यांदाच. आणि ते शहारले. विटांच्या भिंतीत बोटभर फटी. भिंत आणि पत्र्याच्या मधे तर सरळ हात जाईल एवढी जागा. दार म्हणजे चार फळ्या आणि सुतळी.

"एवढ्या फटी," ते शेळ्यांना म्हणाले, "आणि ही मला थंडी शिकवते."

बायकोने बारीकसारीक सगळं सांगितलं होतं. फटी बुजवू नका, एवढं मात्र सांगितलं नव्हतं. घर सोडून जाताना माणूस 'मागे छप्पर काढू नका' असं थोडंच सांगून जातो?

थंडेराव कामाला लागले. जुन्या नोकरीच्या जागी भंगारात पडलेले थर्माकोलचे ताव आणले. भिंतींना आतून लावले, शेळ्यांनी खाऊ नयेत म्हणून वरून फळ्या ठोकल्या. पत्र्याखालची जागा गोणपाट कोंबून, वर गिलावा करून बंद केली. आणि शेवटी, हातगाडीवरून, दोन ओळखीचे हमाल लावून, कोल्ड स्टोरेजचं एक बाद झालेलं दार आणलं. शेजारच्या सुताराने ते बसवून दिलं. बसवताना तो काही बोलला नाही, कारण तोंडात खिळे होते. नंतर बोलला.

"थंडेराव, बँकेला नसतं हो असलं दार."

"बँकेत काय असतं? इथे जीव आहेत."

दार लागलं. फत्. थंडेरावांनी मेणबत्ती पेटवली आणि आत चारी भिंतींच्या कडेने फिरवली. ज्योत चित्रातल्यासारखी उभी. सासूबाई आतल्या कोपऱ्यातून, म्हणजे त्यांच्या हक्काच्या जागेवरून, हा सोहळा बघत होत्या. त्यांनी एकदा नाक फेंदारलं. त्यांचं तेच मत सगळ्या नव्या गोष्टींबद्दल असे.

पुढचे दिवस थंडेरावांच्या आयुष्यातले सगळ्यात समाधानाचे म्हणायला हरकत नाही. बाहेर बादलीतल्या पाण्यावर सकाळी काचेसारखा पापुद्रा धरलेला असे आणि ते शेडचं दार उघडून आत पाऊल टाकत, तो चष्म्यावर वाफ. अंगाला ऊब. ते क्रमाने चारा देत, कोमट पाणी देत, धाकटीच्या पोटावर हात ठेवून आतली हालचाल बघत. संध्याकाळी फोनवर बायकोला सांगत, "मुलगी कशी आहे? बाळ? बरं. आमच्याकडे सगळं उबदार."

"उबदार?" ती म्हणे. "बरं."

तो 'बरं' तीनांतला पहिला शब्द आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. उरलेले दोन आता दूर नाहीत, असं त्यांना वाटलं.

मग एका सकाळी पत्र्याला आतून थेंब दिसले.

कोल्ड स्टोरेजमध्ये छताला थेंब दिसले की अर्थ एकच: बाहेरची हवा कुठूनतरी आत शिरते आहे. थंडेरावांनी मेणबत्ती काढली, फट शोधली. सापडली नाही. त्यांनी संशयावरून दोन जागा पुन्हा लिंपल्या. दुसऱ्या दिवशी थेंब जास्त. खालचं गवत दमट लागत होतं, म्हणून त्यांनी वरून कोरडं टाकलं. तेही दमट झालं. त्यात बांडी खोकली. मग धाकटी. सासूबाई उठून चाऱ्याला येईनात, कोपऱ्यातच बसून राहू लागल्या, मान गवतावर टाकून.

थंडी लागली असणार. थंडेरावांनी दाराची रबरपट्टी बदलली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शेळ्या जिथे बसतात तिथेच मुततात, आणि बंद जागेत त्याची जी वाफ उठते ती म्हणजे अमोनिया. कोल्ड स्टोरेजच्या पाइपांत खेळणारा गॅसही तोच. आयुष्यभर ज्याने त्या गॅसच्या शेजारी नोकरी केली, त्या माणसाला ती वाफ शेडचं दार उघडताक्षणी कळायला हवी होती. पण थंडेरावांना काहीच कळत नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांचं नाक हळूहळू गेलं होतं, आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गॅस सुटला की पहिली हाक मारायची ती दाराच्या मुकादमाने. नाक नसलेला मुकादम कोण ठेवील? पुढे निवृत्त झाले, सांगायची गरज उरली नाही. मग सवय झाली.

त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा ते शेडमध्येच होते.

"कोण खोकलं ते?" तिने विचारलं.

"बांडी. थंडी फार आहे गं यंदा. उद्या अजून एक थर लावतो."

"आत वास कसला येतोय?"

"वास? काही नाही. स्वच्छ आहे एकदम."

पलीकडे बाळ रडत होतं. कुणीतरी त्याला दुसऱ्या खोलीत नेलं असावं, कारण रडणं लांब गेलं.

"डोळे चुरचुरतात का तुमचे?"

"जरासे. वय झालं आता."

"अहो, आत्ताच्या आत्ता आक्कांना बोलवा."

"आक्काला कशाला मधे?"

"त्यांना नाक आहे."

थंडेराव दाराच्या त्या भल्याथोरल्या मुठीला धरून उभे राहिले.

"म्हणजे काय?" ते म्हणाले, पण आवाजात विचारण्याचा जोर नव्हता.

"म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. एकदा दूध करपलं होतं. नुसतं लागलं नव्हतं, पार करपलं होतं. म्हटलं बघू या, म्हणून त्याचाच चहा करून दिला. तुम्ही म्हणालात, आज झकास झालाय."

"आणि तू बोलली नाहीस इतकी वर्षं?"

"तुम्ही कुठे बोललात?" ती म्हणाली. मग आवाज उतरला. "दार उघडा आधी. मग आक्कांकडे जा."

आक्का दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती शाल गुंडाळून, वाटेभर भावाला बोल लावत आली. शेडसमोर आली आणि दारातूनच मागे सरली. पदर नाकाला गेला, डोळ्यांना धारा लागल्या.

"अरे, काय कोंडून ठेवलंयस हे? कांद्याचं पोतं फोडल्यासारखं होतंय."

"एवढा वास आहे?"

"तुला येत नाही?" आक्काने पदराआडून भावाकडे रोखून पाहिलं. ती थोरली बहीण होती. तिला उत्तर तोंडातून यावं लागत नसे. टोमणा जिभेवर तयार होता, तो तिने गिळला, आणि आक्काच्या हिशेबात हा मोठाच खर्च होता. "बाहेर काढ त्यांना," एवढंच ती म्हणाली. "मी धाकटीला धरते. तू तुझ्या आईला उचल."

सासूबाई उचलल्या गेल्या तेव्हा हलक्या लागल्या. थंडेरावांना ते बरं वाटलं नाही. त्या कधीच कुणाला हलक्या लागल्या नव्हत्या.

सकाळी जनावरांची डॉक्टर आली. पोरगीच होती, लेकीच्या वयाची. तिने तिघींच्या छातीला नळी लावली, सासूबाईंच्या छातीला फार वेळ.

"या दोघी सुटतील," ती म्हणाली. "हिची फुप्फुसं धरलीत. कोपऱ्यात बसून असायची का?"

"आतली जागा तिची. मानाची."

"तिथेच सगळ्यात जास्त साठतं." तिने इंजेक्शन भरलं. "आजोबा, शेळी थंडी सोसते. कोंडलेली हवा नाही सोसत, ओल नाही सोसत. वर पत्र्याखाली समोरासमोर जागा मोकळी करा. वारा त्यांच्या पाठीवरून गेला पाहिजे, अंगावरून नाही."

"पूर्वी तशीच होती," थंडेराव म्हणाले.

"मग बुजवली कुणी?"

"एका मुकादमाने."

डॉक्टर निघून गेली. थंडेरावांनी छिन्नी-हातोडा घेतला आणि स्वतःच्या हाताने केलेला गिलावा स्वतःच्या हाताने फोडला. सुतार मदतीला आला होता, पण त्याला त्यांनी फक्त दार काढू दिलं. दोघांनी मिळून ते भिंतीला टेकवून ठेवलं. उंबऱ्यावर कमरेएवढी फळी आली, वर गोणपाटाचा पडदा. ओलं गवत निघालं, कोरडं आलं. भिंतींचा थर्माकोल मात्र राहू दिला. मग त्यांनी मेणबत्ती पेटवली.

"आता कशाला?" सुताराने विचारलं.

थंडेरावांनी मेणबत्ती हातभर काठीला बांधून वर पत्र्यापाशी धरली. ज्योत वाकली, एका मोकळ्या जागेकडून दुसरीकडे. मग ते गुडघ्यांवर बसले, शेळ्या जिथे बसतात तिथे मेणबत्ती आणली. हलली. त्यांनी समोरच्या भिंतीची एक खालची फट लिंपली, पडदा जरा आत ओढला, पुन्हा पाहिलं. पुन्हा काहीतरी सरकवलं. वर ज्योत वाकली पाहिजे आणि खाली उभी राहिली पाहिजे. सगळी नोकरी ज्योत हलू नये म्हणून केली, आता अर्धी हलवायची होती. उन्हं उतरेपर्यंत त्यांना ते जमलं.

पण शेड आता पूर्वीइतकी गरम नव्हती, आणि सासूबाई कापत होत्या. त्यांच्या अंगावर पोतं टाकलं की त्या अंग झटकत. थंडेराव घरात गेले आणि निळा कोट घेऊन आले.

"अरे, तो?" आक्का म्हणाली. "तो तर तू लग्नात घालणार होतास. लेकीच्या."

"घातला नाही ना?"

"तुझ्या बायकोने लपवला म्हणून."

पुढचे पाय बाह्यांत घातले, बाह्या दुमडल्या, बटणं पोटाखाली लावली. पाठीवर नंबर आला. सासूबाईंनी हे सगळं डोळे मिटून सोसलं, अंग झटकलं नाही. सुतार पडदा सारून आत डोकावला.

"ड्यूटीवर निघाल्या वाटतं."

"पहिल्या पाळीला," थंडेराव म्हणाले.

धाकटी ज्या सकाळी व्याली, तेव्हा बाहेर धुकं होतं. आक्का किटलीभर गरम पाणी घेऊन हजर होती आणि सारखी सांगत होती, मला यातलं काही कळत नाही. तिचे हात मात्र सगळं कळत असल्यासारखे चालत होते. एक करडू लगेच उभं राहिलं. दुसरं ओलं, लहान, हलेना. थंडेरावांनी त्याचं नाक बोटाने साफ केलं, कोरड्या गवताने आणि मग फडक्याने चोळत राहिले, पाठ, पोट, पाय.

"जोराने," आक्का म्हणाली. "लाजतोयस काय?"

करडू शिंकलं. थंडेरावांना एवढं हसू आलं, की त्यांना खाली बसावं लागलं. धाकटी पहिल्याला चाटण्यात गुंतली होती, म्हणून त्यांनी दुसऱ्याला सासूबाईंच्या कुशीला ठेवलं. करडाने थोडं ढुसण्या दिल्यासारखं केलं आणि कोटाच्या आत शिरलं. सासूबाईंनी मान वळवली, कोटाखालून बाहेर आलेली शेपटी हुंगली आणि नाक फेंदारलं. त्यांना नव्या गोष्टी आवडत नसत, पण त्यांनी त्याला हाकललं नाही.

सासूबाई गेल्या त्या भर दुपारी, अंगणात, उन्हात. थंडेराव शेजारी पेंढ्यावर बसून चहा पीत होते. सासूबाईंची हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर होती. थोड्या वेळाने गुडघ्यावरचं वजन वाढलं आणि त्यांच्या लक्षात आलं. चहा त्यांनी संपवला नाही.

फोनवर त्यांनी सरळ सांगितलं.

"शेवटी एकटी होती का?"

"नाही. मी होतो."

"चारा?"

"आधी तिलाच देत होतो. खात नव्हती, तरी."

"बरं," ती म्हणाली. थंडेरावांनी या वेळी तो शब्द मोजला नाही.

बायको आली तेव्हा थंडी ओसरायला लागली होती. पिशव्या अंगणातच ठेवून ती आधी शेडकडे गेली. भिंतीला टेकवलेलं ते जाड दार तिने पाहिलं, त्याच्या मुठीला एकदा हात लावला. फोडलेला गिलावा पाहिला. पडदा सारला. धाकटी, बांडी, दोन करडं. आतला कोपरा रिकामा होता. त्यात कोरडं गवत मात्र रोजच्यासारखं टाकलेलं होतं.

थंडेराव तिच्या मागे उभे होते. सगळा हिवाळा ज्यासाठी पणाला लावला ते शब्द आता मागण्याची सोय राहिली नव्हती, आणि त्यांनी ते मागितलेही नसते.

बायकोने डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. मग आणखी एक.

"वास नाही," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. कोट खुंटीवरून काढून तिच्यापुढे धरला. "टाकून द्यायचा का, ते सांग. मला काही कळत नाही. लोक म्हणतात, मी हा घालून गेलो की बाजार मोकळा होतो."

तिने कोटाच्या अस्तरात तोंड घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"कसला येतो?" त्यांनी विचारलं.

"सासूबाईंचा. थोडा तुमचा."

"वेगवेगळा कळतो?"

"आता नाही कळत."

कोट खुंटीवर परत गेला. रात्री गारवा असला की धाकटं करडू त्याखाली जाऊन झोपतं.

हिशेबच करायचा तर तो असा: सासूबाईंनी जीव दिला. थंडेरावांनी ते दार दिलं, शिवाय इतकी वर्षं झाकून ठेवलेलं एक गुपित. आक्काला एक टोमणा गिळावा लागला, तो तिने नंतर व्याजासकट वसूल केला. बाकी राहिली ती बायकोच्या नावावर पडली. रोज सकाळी ती थंडेरावांच्या आधी शेडपाशी येते, पडदा सारते आणि दोघांच्या वाटचा श्वास घेते. थंडेराव पाण्याची बादली घेऊन एक पाऊल मागे थांबतात. तिने मान हलवली, की ते आत जातात.